मत गावात, खोली मुंबईत. मग हक्काचा पुरावा आणायचा कुठून?

शहरात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी आणि गावातल्या त्यांच्या घरच्यांसाठी, कामाची माहिती

आपल्या भागातलं असं एक गाव दाखवा, जिथली दोन-चार घरं मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या झोपडपट्टीत राहत नाहीत. दुष्काळात गेलेली, गिरणीत लागलेली, बांधकामावर गेलेली, धुणीभांडी करणारी, भाजीची गाडी लावणारी. गावाला जत्रेला येतात तेव्हा ती आपली असतात. पण तिकडं नोटीस आली, रेशन अडलं, गाडी उचलून नेली, की फोन गावातच येतो. "दादा, शाळेचा दाखला काढून पाठव." "आण्णा, रेशनकार्डाचा फोटो टाका." म्हणजे त्यांच्या शहरातल्या हक्काचे निम्मे कागद आपल्या गावात पडलेले असतात. म्हणून हा विषय शहराचा असला तरी गावातल्या माणसानं समजून घ्यायला पाहिजे.

१९८१ साली काय झालं होतं

जुलै १९८१. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचं आणि आपापल्या गावी परत धाडायचं. ऐन पावसात झोपड्या तोडायला सुरुवात झाली. त्याविरुद्ध काही झोपडीवाले, फुटपाथवर राहणारे आणि ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार कोर्टात गेल्या. अर्जदार कोण होते? कुणी तमिळनाडूच्या सेलमहून दुष्काळामुळं आलेला भूमिहीन मजूर, तर कुणी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून आलेला मोची. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच खेड्यातली माणसं.

सुप्रीम कोर्टाचा निकाल १० जुलै १९८५ ला लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. कोर्टानं सांगितलं की घटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे आणि पोट भरायचं साधन हा त्याच हक्काचा भाग आहे. माणूस फुटपाथवर हौसेनं राहत नाही, काम जवळ असतं म्हणून राहतो, हे कोर्टानं मान्य केलं.

आता इथं बरेच जण चुकतात. "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, झोपडी तोडता येत नाही," असं वस्तीतले पुढारी छातीठोक सांगतात. निकाल तसा नाही. फुटपाथ किंवा सार्वजनिक जागा अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही, असंच कोर्ट म्हणालं. पण हटवायचं असेल तर आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, रीतसर वागा, असं सांगितलं. १९७६ च्या मोजणीत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना दुसरीकडं जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणाला हटवू नये, असंही सांगितलं.

यातून एक गोष्ट घ्यायची. फुटपाथवर सगळेच गरीब होते, पण जागा मिळण्याची खात्री ज्यांच्याकडं मोजणीचं कार्ड होतं त्यांनाच होती. तेव्हापासून आजवर झोपडीचा सगळा कायदा याच रस्त्यानं चालत आला आहे. तुम्ही किती वर्षं राहिलात हे पुरेसं नाही, ते कागदावर दिसलं पाहिजे.

बायांनी स्वतःच मोजणी केली

त्याच सुमारास भायखळा भागातल्या फुटपाथवरच्या बाया एकत्र आल्या. पुढं त्यांच्या गटाला 'महिला मिलन' नाव पडलं. १९८४ मध्ये सुरू झालेली 'स्पार्क' ही संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचा झोपडीवासीयांचा महासंघ त्यांच्याबरोबर होता. १९८५ मध्ये फुटपाथवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी झाली. कोण कुठल्या जिल्ह्यातून आलं, किती वर्षं झाली, काम काय, कमाई किती, हे सगळं लिहून काढलं. तोवर या माणसांची नोंद सरकारी दप्तरात धड नव्हती.

रेशनकार्ड कसं काढायचं, पोलीस चौकीत गेल्यावर काय बोलायचं, बँकेत कसं जायचं, हे त्या बाया गटानं जाऊन शिकल्या. एकटी गेली तर शिपाई दारातून हाकलतो, पंधरा जणी गेल्या तर साहेब खुर्ची देतो, हा त्यांचा अनुभव. रोज थोडे थोडे पैसे साठवले. वर्षं गेली, पण पुढं मानखुर्दला 'मिलन नगर' नावाची त्यांची सोसायटी उभी राहिली. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते वारले.

तारखेचा खेळ

आज महाराष्ट्रात झोपडीसाठी दोन तारखा महत्त्वाच्या आहेत.

१ जानेवारी २००० किंवा त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर पुनर्वसनात घर मोफत मिळू शकतं.

१ जानेवारी २००० नंतरचे, पण १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर घर मिळू शकतं, पण पैसे भरून. मुंबईत त्यासाठी अडीच लाख रुपये किंमत सरकारनं २०२३ मध्ये ठरवली.

त्यानंतरचे असाल तर मोफत किंवा या दरानं घराचं संरक्षण नाही.

या दोन तारखांच्या आत बसणाऱ्या झोपडीला 'संरक्षित' म्हणतात. मोठ्या सार्वजनिक कामासाठी ती हटवायची झाली तरी पुनर्वसन करावं लागतं, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

आता प्रश्न येतो पुराव्याचा. त्या वेळची मतदार यादी, लाईट बिल, फोटोपास, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, असे कागद बघतात. त्यात जुन्या मतदार यादीला फार वजन. आणि आपली माणसं नेमकी इथंच अडकतात.

आमच्या भावकीतलं एक कुटुंब १९९७ पासून मुंबईत आहे. नवरा हमाली करतो, बायको चार घरची भांडी घासते. वस्तीचं पुनर्वसन निघालं, कागद मागितले. मतदार यादीत नाव बघितलं, तर ते गावात. रेशनकार्ड गावात. शहरातला सगळ्यात जुना कागद निघाला २००४ च्या लाईट मीटरचा. म्हणजे सात वर्षं जगले, पण कागदावर नाहीत. मोफतच्या यादीत बसायची माणसं पैसे भरायच्या यादीत गेली. आता ते अडीच लाख कुठून आणायचे या काळजीत आहेत.

त्यांचं मत गावात का राहिलं? कारण दर पाच वर्षांनी ग्रामपंचायतीला पॅनलवाले गाड्या करून त्यांना आणायचे. जेवण, येण्याजाण्याचं भाडं, मानपान. "नाव काढू नका, गावाशी संबंध तुटेल," असं आपणच त्यांना सांगत आलो. कुणी तर असंही सांगितलं की मतदार यादीतनं नाव गेलं की सातबाऱ्यावरचंही जातं.

हे साफ खोटं आहे. सातबारा आणि मतदार यादी यांचा काडीचा संबंध नाही. जमीन वारसानं, खरेदीनं तुमच्या नावावर आहे, ती मत कुठंही असलं तरी तुमचीच राहते. उलट मतदार यादीचा कायदा सांगतो की माणूस जिथं नेहमी राहतो तिथंच त्याचं नाव पाहिजे. गावात नुसतं घर आहे म्हणून तिथं मतदार होता येत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं तर चालतच नाही, आणि खोटं लिहून दिलं तर गुन्हा होतो.

जे आता नव्यानं शहरात राहायला गेलेत त्यांनी आणखी दहा वर्षांनी पुरावा शोधायचा का? पुढं तारीख वाढेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तारीख आली आणि कागद नसला तर उपयोग नाही, हे मागच्या लोकांच्या अनुभवावरनं दिसतंय.

रेशन: गावातलं नाव कापायची गरज नाही

मताचं एक आणि रेशनचं दुसरं. इथं उलट सल्ला आहे.

'एक देश एक रेशनकार्ड' ही सोय २०१९ मध्ये काही राज्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्र-गुजरात ही जोडी पहिल्यांपैकी होती. २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. अन्नसुरक्षा योजनेत नाव असेल तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्ड बदलायचं नाही, नाव कमी करायचं नाही.

समजा कार्डावर सहा माणसं आहेत. म्हातारा-म्हातारी गावात, मुलगा-सून आणि दोन लेकरं पुण्यात. माणशी ५ किलोप्रमाणं महिन्याचे ३० किलो झाले. मुलानं पुण्यात २० किलो उचलावेत, म्हाताऱ्यांनी गावात १० किलो. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. अंत्योदयाचं कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, कार्डाला ३५ किलो.

एक अडचण लक्षात ठेवा. आधी अंगठा लावणाऱ्यानं सगळंच उचललं तर मागं राहिलेल्याला त्या महिन्यात काही मिळत नाही. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला फोनवर ठरवून घ्या. आणि कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी झालेलं पाहिजे. त्यासाठी गावाला यायचं कारण नाही, शहरातल्या दुकानातही होतं.

दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला तर १९६७ या नंबरवर तक्रार करा.

पाणी: झोपडी बेकायदा, पण तहान बेकायदा नाही

मुंबईत २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. लोक टँकरचं, चोरून विकलेलं पाणी पिंपाच्या भावानं घ्यायचे. सोसायटीतल्या माणसापेक्षा गरिबाला पाणी महाग पडायचं. पाणी हक्क समितीनं हा प्रश्न हायकोर्टात नेला. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे एवढ्यावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पालिकेनं धोरण करावं. दर जास्त लावला तरी चालेल, पण पाणी द्या.

पुढं २०२२ मध्ये पालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. पण नळ मिळाला म्हणजे झोपडी कायदेशीर झाली, असा अर्थ काढू नका. कोर्टानंच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. तरीही बिल जपून ठेवा.

हातगाडी उचलून नेली तर

आपल्याकडची किती तरी पोरं शहरात वडापाव, भाजी, फळं विकतात. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये केंद्राचा फेरीवाला कायदा आला. त्यातलं कामाचं एवढंच:

• पालिकेनं फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही.

• जागा बदलायची किंवा हटवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस.

• माल जप्त केला तर त्याची यादी करून द्यायची. दंड भरून मागणी केल्यावर भाजी-फळांसारखा नासणारा माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल दोन कामाच्या दिवसांत परत.

• शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे, त्यातल्या एक तृतीयांश बायका.

कायदा असा आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण माल सोडवायला जातच नाहीत, कारण जप्तीची यादी मागायची असते हेच माहीत नसतं. गाडी उचलताना हात जोडा, भांडू नका, पण यादी मागा. मिळाली नाही तर मालाचा आणि गाडीच्या नंबरचा मोबाईलवर फोटो काढा.

दवाखाना, शाळा आणि बांधकाम

मोठे खासगी दवाखाने बघून आपला माणूस बाहेरनंच परततो. पण त्यातले बरेच दवाखाने धर्मादाय ट्रस्टचे आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं, आणि तो दाखला बहुतेक वेळा आपल्याच तालुक्यातनं काढायचा असतो. जिवावरचं दुखणं असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. जन्माचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेनं दाखला दिला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला प्रवेश नाकारता येत नाही. गावातनं नाव काढून शहरात गेलेल्या पोरींचं शिक्षण याच कारणानं सुटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बांधकामावरच्या माणसानं मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६० पाहिजे. मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंत मदतीच्या योजना या नोंदणीवरच मिळतात. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्रात २००८ च्या कायद्यानं वेगळं मंडळ आहे.

नोटीस आली तर काय करायचं

१३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं घरं पाडण्याबद्दल मोठा निकाल दिला. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं ऐकणं, लेखी आदेश, हे सगळं बंधनकारक केलं. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, असंही त्यात आहे. वस्तीत हा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तेव्हा दुसरा भाग कुणी पाठवत नाही.

म्हणून नोटीस आली की घाबरून दलालाला पैसे देऊ नका. आधी तारीख बघा, कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा, सुनावणी कधी आहे ते बघा. लेखी उत्तर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सरकारी कामात धरत नाहीत. यादीत नाव का नाही हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, ३० दिवसांत उत्तर.

वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००. तालुक्याच्या कोर्टातही ही समिती असते.

गावातल्या माणसानं काय करावं

१. शहरातल्या नातेवाइकाचे गावात असलेले कागद एकदा काढा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्म नोंद, जातीचा दाखला, रेशनकार्ड. प्रत्येकाचा स्वच्छ फोटो काढून त्यांना पाठवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

२. नावातला फरक बघा. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. नोटीस आल्यावर वेळ मिळत नाही.

३. मत कुठं ठेवायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. निवडणुकीपुरतं गाडीभाडं देणारा त्यांची खोली वाचवायला मुंबईला जाणार नाही.

४. रेशनवरनं त्यांचं नाव कापू नका, आणि त्यांच्या वाट्याचं धान्य परस्पर उचलू नका. गावात हे सर्रास चालतं, आणि बऱ्याचदा घरातलेच करतात.

५. पुढच्या वेळी जत्रेला माणसं आली की अर्धा तास काढून हे बोला. दोन वस्त्यांतली चार कुटुंबं एकमेकांना जोडून द्या. एका गावची माणसं शहरात बहुतेक जवळजवळच राहतात, पण पालिकेत मात्र एकेकटी जातात.

शहरात राहणारा गरीब कुणाकडं भीक मागत नाही. तो शहराचा कचरा उचलतो, भिंती बांधतो, स्वयंपाक करतो. त्याच्या वाट्याला कायद्यानं जे दिलंय ते त्याला माहीत व्हावं, एवढ्यासाठी ही माहिती. ज्याच्या घरचं माणूस शहरात आहे त्याला ही बातमी पाठवा, आणि पाठवल्यावर एक फोनही करा. कारण तिकडं बारा तास काम करून आलेल्या माणसाला एवढं वाचायला सवड मिळेलच असं नाही.